विश्लेषण : बायबलमधले पंखवाले साप आणि फारोचा उगारलेला हात... इजिप्तच्या चित्रांतून जुन्या शब्दांचा अर्थ कसा लागतो?

मोबाइलच्या कीबोर्डवर ‘देवदूत’ शोधला, की डोक्यावर कडे असलेला एक हसरा चेहरा मिळतो. चित्रकारांनी गेल्या काही शतकांत त्याला दोन पांढरे पंख आणि गुबगुबीत गाल दिले. पण बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने देवाच्या सिंहासनाभोवती जे पाहिले, त्यांना प्रत्येकी सहा पंख होते. त्यांच्यासाठी वापरलेला हिब्रू शब्द त्याच बायबलमध्ये इतरत्र विषारी सापासाठी येतो. मग यशयाने नेमके काय पाहिले? आणि त्याचे ऐकणाऱ्या लोकांच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहिले असेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेली काही दशके अभ्यासक एका वेगळ्या ठिकाणी जाऊन पाहत आहेत. ते ठिकाण म्हणजे इजिप्तमधली मंदिरे, थडगी आणि नखाएवढ्या मोहरा. १ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडजवळ ग्रँड इजिप्शियन म्युझियमचे अधिकृत उद्घाटन झाले आणि तुतानखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू एकत्र मांडल्या गेल्या. त्यानंतर या वस्तूंचे फोटो आणि त्यांचा बायबलशी संबंध जोडणारे व्हिडीओ जोरात फिरू लागले. ‘बायबल इजिप्तवरून कॉपी केले’ असे काही जण सांगतात. ‘बायबल शब्दशः खरे असल्याचा पुरावा सापडला’ असे दुसरे सांगतात. दोन्ही दावे घाईचे आहेत. खरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि जास्त रंजकही.

शब्द समजण्यासाठी चित्र का लागते?

मराठीतलाच एक शब्द घेऊ. ‘छत्रछाया.’ वडिलांची छत्रछाया हरपली, असे आपण सहज म्हणतो. त्यातले छत्र पावसाळ्यातली छत्री नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. राजाच्या डोक्यावर धरलेले छत्र आपण चित्रांत, मिरवणुकीत, पालखी सोहळ्यात पाहिलेले असते. उद्या एखाद्या परक्या देशातल्या माणसाने दोन हजार वर्षांनी हा शब्द वाचला आणि त्याला फक्त पावसाळी छत्री माहीत असली, तर तो अर्थ चुकवेल. शब्दकोश त्याला मदत करील, पण एखादे जुने लघुचित्र त्याहून जास्त मदत करील.

बायबलच्या बाबतीत आपण सगळेच त्या परक्या माणसाच्या जागी आहोत. हिब्रू बायबल, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतला जुना करार, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात आकाराला आला. त्यातले ‘पंखांची सावली’, ‘पायांखालचे आसन’, ‘उगारलेला बाहू’ हे शब्द तेव्हाच्या माणसाला चित्रासकट ऐकू येत. चित्र हरवले आणि शब्द उरले.

हे चित्र परत शब्दाशेजारी ठेवण्याचे काम पद्धतशीरपणे केले ते स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठातले अभ्यासक ओथमार कील यांनी. १९७२ मध्ये त्यांनी स्तोत्रसंहितेतल्या प्रतिमा आणि प्राचीन पश्चिम आशियातली व इजिप्तमधली चित्रे शेजारी शेजारी मांडणारे पुस्तक जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये ते इंग्रजीत आले. त्याआधी बायबलची तुलना मुख्यतः इतर प्राचीन मजकुरांशी होत असे. चित्र हासुद्धा वाचण्याचा दस्तावेज आहे, हा कील यांचा आग्रह होता. त्यांच्या विद्यार्थ्यांची आणि सहकाऱ्यांची पुढे एक परंपराच तयार झाली.

इजिप्तची चित्रे इस्राएलपर्यंत पोहोचली कशी?

ही शंका रास्त आहे. कर्नाकच्या मंदिराची भिंत पाहायला यरुशलेमचा शेतकरी काही जात नव्हता. पण चित्रे त्याच्याकडे येत होती.

पहिली वाट सत्तेची. साधारण इ.स.पू. १५०० ते ११५० या काळात कनान, म्हणजे आजचा इस्राएल-पॅलेस्टाइनचा प्रदेश, इजिप्तच्या अमलाखाली होता. बेथ शान, याफा अशा ठिकाणी इजिप्तची ठाणी होती. तिथे फारोंचे शिलालेख आणि त्यांची नावे कोरलेले दगड सापडले आहेत.

दुसरी वाट व्यापाराची. शेणकिड्याच्या आकाराच्या छोट्या मोहरा, ज्यांना स्कॅरब म्हणतात, या प्रदेशातल्या उत्खननांत हजारोंच्या संख्येने मिळाल्या आहेत. अंगठीत बसवता येतील किंवा दोऱ्यात ओवून गळ्यात घालता येतील एवढ्या त्या लहान. त्यांवर फारो, सिंह, नाग, पंखांचा सूर्य कोरलेला असे. त्या काळातले हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फिरणारे चित्रमाध्यम होते.

तिसरी वाट श्रीमंतांच्या घरांतून जाते. उत्तर इस्राएलची राजधानी समारिया इथे इ.स.पू. ९ व्या ते ८ व्या शतकातले हस्तिदंती नक्षीकाम सापडले. फर्निचरला जडवलेल्या या पट्ट्यांवर कमळावर बसलेला बाळ होरस, पंख पसरलेल्या आकृती असे थेट इजिप्शियन विषय आहेत. आमोस संदेष्टा हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या श्रीमंतांवर तुटून पडतो, तो याच समाजात.

म्हणजे इजिप्तची चित्रे ओळखीची असायला इस्राएली लोक इजिप्तमधून आलेलेच असले पाहिजेत, असे नाही. ती त्यांच्या घरात, हातात, गळ्यात होती.

यशयाचे सराफ म्हणजे साप?

यशयाच्या सहाव्या अध्यायातला प्रसंग उज्जीया राजाच्या मृत्यूच्या वर्षातला आहे. म्हणजे साधारण इ.स.पू. ७४०. उंच सिंहासनावर देव बसला आहे आणि त्याच्याभोवती सराफ आहेत. दोन पंखांनी ते तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात आणि दोन पंखांनी उडतात.

मराठीतल्या सोन्याचांदीच्या सराफाशी या शब्दाचे नाते नाही. तो अरबीतून आला. हिब्रू ‘साराफ’चे मूळ जाळणे या अर्थाच्या धातूत आहे. वाळवंटात इस्राएली लोकांना चावणारे दाहक साप गणनेच्या पुस्तकात याच शब्दाने सांगितले आहेत. खुद्द यशयाच्या पुस्तकात दोन ठिकाणी उडणाऱ्या सापासाठी हाच शब्द आहे.

आता इजिप्तकडे पाहू. फारोच्या कपाळावर फणा काढून उभा असलेला नाग असतो. त्याला युरेअस म्हणतात. तो राजाच्या शत्रूवर आग ओकतो, अशी समजूत होती. या नागाला अनेकदा पंख दाखवले जात आणि त्या पंखांनी तो राजाचे रक्षण करी. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडलेल्या तुतानखामुनच्या सोन्याच्या सिंहासनाचे दोन्ही हात म्हणजे मुकुट घातलेले, पंख पसरलेले नाग आहेत. ते राजाच्या नावाला पंखांनी कवेत घेतात.

इथवर फक्त साम्य झाले. कील यांनी १९७७ मध्ये त्यापुढचा दुवा दाखवला. इ.स.पू. ८ व्या शतकातल्या, म्हणजे यशयाच्याच काळातल्या, यहूदा राज्यातल्या मोहरांवर पंखांचे नाग आहेत. काहींना दोन पंख, काहींना चार. शेजारी हिब्रू लिपीत मालकांची नावे आहेत. म्हणजे यरुशलेममधल्या अधिकाऱ्याच्या बोटात पंखवाला नाग होता आणि तो काय करतो हेही ठाऊक होते. तो राखण करतो.

याच जागी यशयाची वेगळी गोष्ट दिसते. मोहरेवरचा नाग पंखांनी दुसऱ्याचे रक्षण करतो. यशयाचे सराफ पंखांनी स्वतःलाच झाकून घेतात. ज्याच्या सिंहासनाजवळ ते उभे आहेत त्याला रखवालदाराची गरज नाही. उलट त्याच्या तेजापासून रखवालदारांनाच आडोसा लागतो. पंखांची संख्याही चारांवरून सहा झाली आहे. साधा सजावटीचा तपशील वाटणारी गोष्ट हा त्या वर्णनाचा मुख्य मुद्दा ठरते.

अर्थात हे सराफ म्हणजे सरळसरळ नागच, असे म्हणताना थांबावे लागते. त्यांना हात आहेत, कारण एक जण चिमट्याने वेदीवरचा निखारा उचलतो. ते बोलतात. इजिप्तच्या कलेत हात असलेले नाग आहेत, त्यामुळे अडचण थोडी कमी होते. ती पूर्ण जात नाही.

‘पराक्रमी हात, उगारलेला बाहू’ कोणाचा?

इस्राएली लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवले ते देवाने पराक्रमी हाताने आणि पुढे केलेल्या बाहूने, असे निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. आज वाचताना हे नुसते जोरकस वर्णन वाटते. इजिप्तमध्ये मात्र ते राज्याचे अधिकृत चित्र होते.

कैरोच्या संग्रहालयात नार्मर राजाची पाटी आहे. १८९७-९८ च्या उत्खननात हायराकोनपोलिस इथे सापडलेली, सुमारे ६४ सेंटिमीटर उंच, साधारण इ.स.पू. ३१०० ची. तिच्यावर राजाने एका हाताने गुडघ्यावर बसलेल्या शत्रूचे केस धरले आहेत आणि दुसऱ्या हातात गदा उगारली आहे. हेच चित्र पुढे तीन हजार वर्षे बदलले नाही. कर्नाकला तिसरा थुतमोस, मेदिनेत हाबूला तिसरा रामसेस, आणि शेवटी इजिप्त जिंकणारे रोमन सम्राटसुद्धा मंदिरांच्या भिंतींवर याच पवित्र्यात उभे आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर हा फारोच्या सत्तेचा लोगो होता.

हा लोगो यरुशलेमलाही माहीत होता, याचा लेखी पुरावा आहे. १८८७ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे मातीच्या पाट्यांवरची साडेतीनशेहून अधिक पत्रे सापडली. इ.स.पू. १४ व्या शतकातल्या या पत्रांत यरुशलेमचा मांडलिक राजा अब्दी-हेबा फारोला लिहितो, की मला ही गादी आईबापांनी दिली नाही, राजाच्या बलाढ्य बाहूने दिली. पत्राची भाषा अक्काडी, पण बाहूसाठी त्याने वापरलेला शब्द स्थानिक कनानी वळणाचा आणि बायबलमधल्या हिब्रू शब्दाचा सख्खा भाऊ आहे.

अभ्यासक जेम्स हॉफमायर यांनी १९८६ मध्ये यावर लेख लिहून मांडले, की निर्गमाच्या कथेत फारोचा बाहू आणि देवाचा बाहू समोरासमोर उभे केले आहेत. जे चित्र गुलामांना दडपण्यासाठी भिंतीवर कोरले जात होते, तेच चित्र गुलामांच्या बाजूने वापरले गेले. उगारलेला हात तोच, पण केस धरले गेले ते फारोचे.

बायबल इथेच थांबत नाही. यहेज्केल संदेष्टा बाबिलोनी स्वारीच्या दिवसांत सांगतो, की देवाने इजिप्तच्या राजाचा बाहू मोडला आहे. त्याला फळ्या बांधायलाही कोणी नाही आणि तलवार धरण्याइतकी ताकद त्यात उरलेली नाही. ज्याने मंदिराच्या भिंतीवरचा तो हात पाहिला आहे, त्याला या वाक्याची धार वेगळी सांगावी लागत नाही. यिर्मया तर हाच बाहू खुद्द यरुशलेमवर उगारतो. देव आपल्या बाजूने आहे असे गृहीत धरून अन्याय करत राहिलात, तर तो तुमच्याविरुद्ध लढेल, असे तो राजाला बजावतो. चित्र एकच, पण ते कोणाच्याही कायमच्या मालकीचे नाही.

पायांखालचे आसन आणि पंखांची सावली

स्तोत्रसंहितेतल्या ११० व्या स्तोत्रात राजाला सांगितले आहे, की माझ्या उजवीकडे बैस, मी तुझ्या शत्रूंना तुझे पायांखालचे आसन करीन. नव्या करारात या स्तोत्राचा उल्लेख वारंवार येतो. तुतानखामुनच्या थडग्यातली पाय ठेवायची चौरंगी पाहिली, की हे वाक्य डोळ्यांनी दिसते. तिच्यावर हात बांधलेले शत्रू कोरलेले आहेत. राजा बसला, की पाय आपोआप त्यांच्यावर. त्याच्या एका चपलेच्या जोडावर, पाऊल टेकते त्या बाजूला, बांधलेले कैदी आणि शत्रूंची खूण असलेली धनुष्ये आहेत. म्हणजे चालतानाही तेच. देवाशेजारी बसलेला राजा हाही इजिप्तच्या शिल्पातला नेहमीचा विषय. होरस देवाशेजारी बसलेल्या होरेमहेब राजाचे शिल्प व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

‘पंखांची सावली’ मात्र इतकी सोपी नाही. स्तोत्रांमध्ये अनेकदा भक्त देवाच्या पंखांखाली आसरा मागतो. इजिप्तमध्ये याला भरपूर चित्रे आहेत. खाफ्रे राजाच्या प्रसिद्ध पुतळ्यात होरस ससाणा मागून पंखांनी राजाचे डोके वेढतो. तुतानखामुनच्या दगडी शवपेटीच्या चार कोपऱ्यांवर चार देवी पंख पसरून उभ्या आहेत. पण पिल्लांना पंखांखाली घेणारा पक्षी कोणत्याही देशातल्या माणसाने पाहिलेला असतो. शिवाय यरुशलेमच्या मंदिरात करूबांचे पसरलेले पंखही होते. त्यामुळे या शब्दांमागे इजिप्तच आहे, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. अनेक चित्रे एकात मिसळली असावीत.

एक दुवा मात्र हाती आहे. यरुशलेममध्ये मंदिराच्या टेकडीलगतच्या ओफेल भागात एलात मझार यांच्या उत्खननात सेंटिमीटरभर आकाराचा मातीचा ठसा मिळाला. २०१५ मध्ये तो जाहीर झाला. त्यावर हिज्कीया राजाचे नाव आहे, मधोमध पंख खाली झुकवलेला सूर्य आहे आणि दोन्ही बाजूंना इजिप्तचे जीवनचिन्ह अंख आहे. हा तोच हिज्कीया, ज्याने लोक धूप जाळू लागले म्हणून मोशेच्या काळचा मानला जाणारा पितळी साप फोडून टाकला, असे २ राजे या पुस्तकात आहे. मूर्तिपूजेविरुद्ध उभा राहिलेला राजाही स्वतःच्या मोहरेवर पंखांचा सूर्य वापरत होता. पुढे मलाखीच्या पुस्तकात न्यायाचा सूर्य पंखांत आरोग्य घेऊन उगवतो, तेव्हा या चित्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र मलाखीच्या काळापर्यंत पंखांचा सूर्य अश्शूर आणि पर्शियातही पोहोचला होता.

‘देवाची प्रतिमा’ म्हणजे कोण?

या सगळ्या तुलनांत सर्वांत दूरगामी तुलना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिमेप्रमाणे, नर आणि नारी असे निर्माण केले, असे तिथे म्हटले आहे. माणसाची प्रतिष्ठा, मानवी हक्क यांविषयीच्या पुढच्या कित्येक चर्चांमध्ये हे वाक्य पायाचा दगड ठरले.

इजिप्तमध्ये ‘देवाची प्रतिमा’ ही राजाची पदवी होती. तुतानखामुन या नावाचाच अर्थ ‘आमून देवाची जिवंत प्रतिमा’ असा आहे. मेसोपोटेमियातही राजाला देवाची प्रतिमा म्हटल्याची उदाहरणे आहेत. जो मान राजाचा, तो उत्पत्तीत प्रत्येक माणसाला, स्त्रीलासुद्धा, दिला गेला. अनेक अभ्यासक याला राजेशाही पदवीचे लोकशाहीकरण म्हणतात.

पण इथेही ‘इजिप्त वाईट, बायबल चांगले’ असा सोपा हिशेब मांडता येत नाही. इजिप्तच्याच ‘मेरिकारेला उपदेश’ या ग्रंथात सगळी माणसे देवाच्या देहातून आलेल्या त्याच्या प्रतिमा आहेत, असा विचार आहे. हा ग्रंथ बायबलच्या कितीतरी आधीचा. म्हणजे इजिप्तमध्येही हा विचार सुचला होता. भिंतींवर मात्र राजाच मोठा दिसत राहिला.

माणसाच्या निर्मितीचे चित्रही पाहण्यासारखे आहे. देर अल-बहारी इथल्या हत्शेप्सुत राणीच्या मंदिरात ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर तिला घडवतो आणि हेकेत देवी तिच्यापुढे अंख धरते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीपासून माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. साम्य लक्षवेधी आहे. मात्र मातीपासून माणूस घडवण्याच्या कथा मेसोपोटेमियातही आहेत, हे विसरून चालत नाही.

फारोचे ‘जड’ झालेले काळीज

निर्गमाच्या कथेत फारोचे मन कठीण झाले, असे आपण वाचतो. मूळ हिब्रूत त्यासाठी एकाहून अधिक क्रियापदे आहेत. त्यांतल्या एकाचा शब्दशः अर्थ ‘जड होणे’ असा आहे.

इजिप्तमध्ये मृत्यूनंतर माणसाचे हृदय तराजूत तोलले जाते, अशी श्रद्धा होती. दुसऱ्या पारड्यात मात, म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था, हिचे पीस असते. हृदय दोषी ठरले, तर मगरीच्या तोंडाची अम्मित ते गिळते. ब्रिटिश म्युझियममधल्या आनीच्या पपायरसवर, साधारण इ.स.पू. १२५०, हा प्रसंग रंगांसह आहे. ममी करताना हृदय शरीरातच ठेवत, ते याचसाठी.

त्यामुळे काही अभ्यासकांना ‘जड हृदय’ हा फारोला दिलेला खोचक टोला वाटतो. ज्याने मात टिकवायची, तोच तराजूत नापास. अर्थ आकर्षक आहे, पण पुरावा तोकडा आहे. हिब्रूत कान जड होणे, जीभ जड होणे असेही प्रयोग आहेत, त्यामुळे हा साधा वाक्प्रचारही असू शकतो. नीतिसूत्रांत देव अंतःकरणे तोलतो असे येते, तिथे तराजूचे चित्र अधिक स्पष्ट आहे. त्याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायापासूनच्या काही भागाचे आमेनेमोपे या इजिप्शियन उपदेशग्रंथाशी इतके साम्य आहे, की १९२४ मध्ये अडोल्फ एर्मान यांनी ते दाखवल्यापासून दोन्हींचा संबंध बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

मग ‘कॉपी’ म्हणायचे का?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की दोन आलेख एकत्र वर गेले म्हणजे एकामुळे दुसरा गेला असे नसते. इथेही तेच लागू होते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात बायबलचे अभ्यासक सॅम्युएल सँडमेल यांनी, दिसेल तिथे साम्य शोधून त्यावरून उसनवारी सिद्ध करण्याच्या या सवयीवर टीका केली होती. तो इशारा आजही लागू आहे.

अखेनातेनचे उदाहरण घ्या. त्याच्या काळातल्या चित्रांत सूर्याच्या किरणांना टोकाला हात असतात आणि ते हात राजघराण्याला जीवन देतात. अमार्नाला आय याच्या थडग्यात कोरलेले सूर्याचे मोठे स्तोत्र आणि बायबलमधले १०४ वे स्तोत्र यांत रात्री बाहेर पडणारे सिंह, पाण्यावरची जहाजे अशी चकित करणारी साम्ये आहेत. १०४ व्या स्तोत्रात देव हात उघडतो आणि प्राणी तृप्त होतात. पण अखेनातेननंतर त्याचा पंथ मोडून काढला गेला आणि दोन रचनांत काही शतकांचे अंतर आहे. थेट नक्कल की समान परंपरा, हा वाद संपलेला नाही.

दुसरे उदाहरण निवासमंडपाचे. इ.स.पू. १२७४ च्या सुमाराच्या कादेशच्या लढाईची शिल्पे दुसऱ्या रामसेसने अबू सिंबेल आणि इतरत्र कोरून घेतली. त्यांत छावणीच्या मध्यभागी राजाचा तंबू आहे आणि आतल्या दालनात राजाच्या नावाला दोन्ही बाजूंनी ससाणे पंखांनी झाकतात. निर्गमातल्या मंडपातही बाहेरचे लांब दालन, आतले चौरस दालन आणि कोशावर पंख पसरलेले दोन करूब आहेत. जोशुआ बर्मन यांच्यासारखे अभ्यासक याला फारोच्या छावणीला दिलेले उत्तर मानतात. दुसरीकडे मंडपाच्या वर्णनाचा मजकूर त्या लढाईच्या कित्येक शतकांनंतरचा आहे, असे मानणारे अभ्यासकही बरेच आहेत.

यातून निर्गम घडले हे सिद्ध होते का?

नाही. इजिप्तच्या कोणत्याही लेखात मोशेचा उल्लेख नाही. इस्राएल हे नाव पहिल्यांदा येते ते मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. १२०८. फ्लिंडर्स पेट्री यांना तो १८९६ मध्ये थेब्ज इथे सापडला. त्या वेळी कनानमध्ये या नावाचा लोकसमूह होता, एवढेच त्यातून कळते. लाल समुद्राच्या तळाशी सापडलेली फारोच्या रथांची चाके म्हणून जे फोटो फिरतात, त्यांना पुरातत्त्वशास्त्रात मान्यता नाही. चित्रांची तुलना ‘हे घडले का’ याचे उत्तर देत नाही. ‘ऐकणाऱ्याला काय समजले’ याचे देते.

फिरता व्हिडीओ पाहताना काय तपासावे?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला काळाचा. चित्र आणि मजकूर यांत किती शतकांचे अंतर आहे? दुसरा वाटेचा. ते चित्र त्या लेखकाच्या प्रदेशात पोहोचल्याचा पुरावा आहे का? सराफांच्या बाबतीत यहूदातल्या मोहरा आहेत, म्हणून तो अर्थ भक्कम. जड काळजाच्या बाबतीत असा दुवा नाही, म्हणून तो कच्चा. तिसरा फरकाचा. साम्य दाखवणारा माणूस दोहोंतला फरकही दाखवतो का? बहुतेक वेळा लेखकाला जे सांगायचे असते, ते साम्यात नसून त्या फरकात असते.

मराठीतही हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून साध्या मराठीत बायबल आणले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले. तुतानखामुनचे थडगे सापडले ते रमाबाईंच्या निधनानंतर सात महिन्यांनी. पंखवाल्या नागांचे ते सिंहासन बघायला त्या नव्हत्या. ‘साराफ’ तसाच ठेवायचा, की साप म्हणायचे, की देवदूत, हा पेच प्रत्येक भाषांतरकारापुढे असतो. आज तो शब्द वाचताना हाताशी फोटोही आहेत, एवढा फरक पडला आहे.

श्रद्धेने वाचणाऱ्याला यातून काही गमवावे लागते का? कील स्वतः कॅथलिक परंपरेतले. मूर्ती करू नका, असे सांगणाऱ्या लोकांनी आपल्या काळातली सगळी चित्रे पाहिली होती. त्यांनी ती दगडात कोरली नाहीत, शब्दांत घेतली आणि घेताना त्यांची दिशा बदलली. राखणदार नागाला नम्र केले, राजाची पदवी सगळ्यांना दिली आणि फारोचा उगारलेला हात त्याच्याकडून काढून घेतला. मूळ चित्र माहीत नसेल, तर हा बदल दिसतच नाही.